कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती, आणि हिशोब स्वतः कसा मांडायचा

माझी ताई नागपूरला दिलेली, आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे राज्याच्या एका टोकाला माहेर आणि दुसऱ्या टोकाला सासर. मागं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, दुपारी ३ ची वेळ मिळाली होती. दाजींनी नेटवर शोधलं तर एका साइटवर लिहिलेलं, अंतर ७०० किलोमीटर, फ्लाइट टाइम १ तास २२ मिनिटं. दाजी म्हणाले झालं की मग, सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला आईजवळ. तिकीट काढायला बसले तेव्हा कळलं त्या दिवशी थेट विमानच नाहीय, मुंबईवरून जायचं आणि मधे साडेचार तास मुंबईत बसायचं. ताई घरी पोचली तेव्हा संध्याकाळचे ७ वाजले होते, आई डोळ्याला पट्टी लावून कॉटवर बसलेली आणि ताई दारातच रडायला लागली, मी नव्हते ना गं तिथं म्हणून. आईला काही झालं नव्हतं, सगळं नीट पार पडलं, पण ताईच्या मनाला ते लागून राहिलं ते राहिलंच.

त्या साइटवरचा आकडा चुकीचा नव्हता बरं का. तो फक्त दोन ठिपक्यांमधलं अंतर भागिले विमानाचा वेग, आणि वर चढ-उतारासाठी ठरावीक अर्धा तास, एवढंच होता. त्या मार्गावर विमान आहे का, कुठल्या वारी आहे, कुठलं विमान आहे, यातलं काही त्यात धरलेलंच नसतं, अशा साइट जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांचं उत्तर देतात, मधे विमान उडत असो नसो. तेव्हापासून मी हा हिशोब स्वतः करायला शिकलो आणि आता घरात, नात्यात, मित्रांत कुणाला जायचं असलं की फोन मलाच येतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. उदाहरण कोल्हापूर-नागपूरचं घेतोय, पण तुम्ही नाशिक-नागपूर, नांदेड-पुणे, बेळगाव-संभाजीनगर काहीही घ्या, पद्धत हीच.

आधी अंतर. फोनवर गूगल मॅप उघडा, विमानतळावर बोट दाबून धरा, लाल पिन पडते आणि वर किंवा खाली दोन आकडे येतात, पहिला अक्षांश दुसरा रेखांश. कोल्हापूरचा विमानतळ, म्हणजे उजळाईवाडीचा, १६.६६ आणि ७४.२९. नागपूरचा, सोनेगावचा, २१.०९ आणि ७९.०५. पिन विमानतळावरच टाका, शहराच्या नावावर नको. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, नाशिकचा ओझरला, सिंधुदुर्गचा चिपीला, गावाच्या नावावर पिन टाकली की १५-२० किलोमीटरचा फरक तिथंच पडतो. गोव्यात तर दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा, त्यांच्यात हवेतून सरळ ४० किलोमीटर अंतर, आणि कोल्हापुरातून मोजलं तर मोपा साधारण ११२ किलोमीटर, दाबोळी १५० च्या आसपास. नुसतं गोवा म्हणून भागत नाही.

आता हिशोब, शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं यात काही नाही. अक्षांशाचा १ अंश म्हणजे कुठंही गेलात तरी साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ असतो आणि उत्तरेला जाल तसा आकसत जातो, कारण रेखांश सगळे ध्रुवावर एकत्र येतात. आपल्या महाराष्ट्राच्या पट्ट्यात तो सरासरी १०५ किलोमीटर धरायचा. हा १०५ लक्षात ठेवला की राज्यातल्या कुठल्याही दोन गावांचं हवाई अंतर वहीच्या कोपऱ्यात काढता येतं.

कोल्हापूर-नागपूर घ्या.
अक्षांशातला फरक ४.४३ अंश, गुणिले १११, झाले ४९२ किलोमीटर उत्तरेला.
रेखांशातला फरक ४.७६ अंश, गुणिले १०५, झाले ५०० किलोमीटर पूर्वेला.
आता पायथागोरस, दोन्हीचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, उत्तर येतं ७०१ आणि थोडं वर. पृथ्वीचा गोलवा धरून अचूक सूत्राने काढलं तर ७०२ येतं, म्हणजे एका किलोमीटरचाही फरक नाही. मुंबई-न्यूयॉर्क असलं लांबचं अंतर असेल तर हा सोपा हिशोब चालणार नाही, तिथं गोलवा धरावाच लागतो, पण हजार किलोमीटरच्या आत बिनधास्त वापरा.

गणित नको असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅपमध्ये राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स आहे, फोनवर पिन टाकून खालचं पान वर सरकवलं की तोच पर्याय सापडतो. पण एकदा तरी हाताने करून बघा, म्हणजे कुठं चुकीचा आकडा दिसला तर लगेच खटकतो.

आकडा खटकण्यावरून सांगतो, एककं बघायची सवय लावा. काही ठिकाणी अंतर किलोमीटरमध्ये असतं, काही ठिकाणी मैलात आणि विमानवाल्यांच्या ठिकाणी नॉटिकल मैलात. आपलं हेच ७०२ किलोमीटर म्हणजे साधे मैल ४३६ आणि नॉटिकल मैल ३७९. एका मित्राने ३७९ वाचून ते किलोमीटरच समजले आणि म्हणाला पुण्यापेक्षा थोडंसंच लांब आहे की. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो मुळात अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणून वैमानिक आणि जहाजवाल्यांना तो सोयीचा पडतो.

तीन अक्षरी कोडही तपासा, कोल्हापूरचं केएलएच, नागपूरचं एनएजी, नाशिकचं आयएसके, नांदेडचं एनडीसी, संभाजीनगरचं अजून आयएक्सयू. औरंगाबाद नावाचं गाव बिहारमध्येही आहे आणि जुन्या नावाने शोधलं की काही साइट भलतीकडेच नेऊन ठेवतात, कोड टाकला की तो घोळ होत नाही.

आता हे ७०२ किलोमीटर बाकीच्या मार्गांशी लावून बघा म्हणजे विमानाचं महत्त्व कळतं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने, म्हणजे सांगोला, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत गेलात तर सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. रेल्वेने महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडलीत तर ती पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घालते, कोल्हापूर ते नागपूर १२०० किलोमीटरच्या वर आणि पूर्ण एक दिवस-एक रात्र, तरी त्याहून जास्तच. ही गाडी एकाच राज्यात राहून सगळ्यात लांब धावणाऱ्या गाड्यांमधली आहे. हवेतून ७०२, रस्त्याने सव्वाआठशेच्या वर, रुळाने १२००. पुणे किंवा मुंबईच्या माणसाला हा फरक इतका जाणवत नाही कारण त्यांची नागपूरला जायची वाट बऱ्यापैकी सरळ आहे, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८३. आमच्या दक्षिण महाराष्ट्रातून विदर्भात जायचं म्हणजे वळसा ठरलेला, म्हणून इथं थेट विमानाची किंमत जास्त.

आणखी एक गोष्ट करा, मॅपवर ती सरळ रेघ प्रत्यक्ष मारून बघा. मी पहिल्यांदा मारली तेव्हा अंगावर काटा आला. उजळाईवाडीतून निघालेली रेघ सांगोल्याजवळून थेट पंढरपूरला लागून जाते, मग बार्शी आणि धाराशिवच्या मधून, पुढं परळी वैजनाथजवळ बरोबर निम्मं अंतर होतं, वसमतच्या डोक्यावरून जाते, यवतमाळ आणि वर्धा डावीकडे ठेवत सोनेगावात उतरते. अंबाबाईच्या गावातून निघून विठोबा, मग वैजनाथ. विमान अगदी या रेघेवरूनच जाईल असं नाही, ते पुढं सांगतो, पण आपला हिशोब कुठल्या जमिनीवरून चाललाय हे डोळ्यासमोर आलं की आकडे लक्षात राहतात.

आता वेळ. इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, अंतर भागिले ८०० करतात आणि ५२ मिनिटं म्हणून मोकळे होतात.

पहिलं बघायचं ते विमान कुठलं आहे. तिकीट काढताना बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एटीआर ७२, एम्ब्रेअर १७५, एअरबस ए३२०, असं. एटीआरला पंखे असतात, प्रोपेलर, त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि ते २५,००० फुटांच्या वर जात नाही. एम्ब्रेअर आणि एअरबस ही जेट, ताशी ८०० आणि वर, ३५-३६ हजार फुटांवरून जातात. इंडिगोची एटीआर ७८ सीटची, स्टार एअरची एम्ब्रेअर १७५ ही ७६ सीटची, म्हणजे माणसं तेवढीच, वेग मात्र वेगळा. मोठी विमानं सगळीकडे का नाहीत तर धावपट्टी. नागपूरची ३२०० मीटरची आहे, कोल्हापूरची बराच काळ २ किलोमीटरच्या आतच राहिली, त्यामुळे आमच्याकडे एटीआर आणि एम्ब्रेअरच बघायची सवय.

दुसरं, विमान रेघेवरून जात नाही. हवेतही ठरलेले रस्ते असतात, वळणाचे ठिपके असतात, शिवाय टेकऑफ कुठल्या दिशेला आणि लँडिंग कुठल्या दिशेने यावर फेरा पडतो. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, पूर्वेचं टोक जरा उत्तरेला कललेलं. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जायचंय ईशान्येला आणि उडायचं पश्चिमेकडे तोंड करून, मग हवेत जवळजवळ उलटं फिरून पंढरपूरची दिशा धरायची. त्यात काही मिनिटं जातातच. उलट नागपूरहून येणारं विमान त्याच वाऱ्यात सरळ येऊन टेकतं. मी या सगळ्यासाठी अंतरात ५ टक्के वाढवतो, ७०२ चे ७३७ धरतो.

तिसरं, विमान पूर्ण वेगात फार थोडा वेळ असतं. चढायला २० मिनिटं लागतात, त्यात ते दीडशे-दोनशे किलोमीटर पुढं गेलेलं असतं, म्हणजे पंढरपूर येतं तेव्हाही जेट अजून चढतंच असतं. उतरायचा वैमानिकांचा साधा नियम, दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल. ३६ हजार फुटांवर असाल तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधीपासून खाली यायला सुरुवात. आपल्या रेघेवर हे पुसदच्या आसपास येतं. कानाला दडे बसायला लागले की समजायचं पुसद आलं. मधे पूर्ण वेगाचा भाग उरला साधारण ३०० किलोमीटर फक्त. चढ-उतारात जो वेग कमी असतो त्यापोटी मी जेटला १२ मिनिटं आणि एटीआरला ८ मिनिटं जास्तीची धरतो, एटीआर कमी उंचीवर जातं म्हणून त्याचं नुकसान कमी.

चौथं, तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे चाकं जमीन सोडायची वेळ नव्हे. ती विमान जागेवरून हलायची वेळ, आणि पोचायची वेळ म्हणजे पलीकडे जागेवर जाऊन थांबायची. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं आणि तिथून परत येणं यात छोट्या विमानतळावर ५-७ मिनिटं, मुंबईसारख्या ठिकाणी २०-२५ पण लागू शकतात, कारण पुढं विमानांची रांग असते.

आता बेरीज.
जेट: ७३७ भागिले ८०० म्हणजे ५५ मिनिटं, चढ-उताराची १२, जमिनीवरची १५, एकूण ८२ मिनिटं, १ तास २२.
एटीआर: ७३७ भागिले ५०० म्हणजे ८८ मिनिटं, चढ-उताराची ८, जमिनीवरची १२, एकूण १०८, म्हणजे १ तास ४८.

बघा, दाजींना साइटवर दिसलेला आकडा जेटचा होता आणि जेटसाठी बरोबरच होता. पडताळा पाहिजे तर मुंबई-नागपूर घ्या, ६८३ किलोमीटर, म्हणजे आपल्या मार्गाएवढंच, तिथं जेटच्या तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असते, जास्तीची मिनिटं मुंबईच्या रांगेची. आता हीच पद्धत कोल्हापूर-मुंबईला लावा, हवाई अंतर ३०९ किलोमीटर, जमिनीवरची २० मिनिटं धरली तर जेटला ५६ मिनिटं येतात आणि एटीआरला ६७. फरक ११ मिनिटांचा फक्त. ७०० किलोमीटरला तोच फरक २६ मिनिटांचा झाला. म्हणून जवळच्या प्रवासाला एटीआर आहे म्हणून नाक मुरडू नका, स्वस्त असेल तर खुशाल घ्या, लांबच्याला मात्र विमान कुठलं हे बघून ठरवा. सरकारची उडान योजना आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २५०० रुपये अशी मर्यादा लावलेली, तो ५०० चा आकडा एटीआरच्या वेगाशी किती जुळतो बघा.

वाऱ्याचं थोडं सांगतो. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, त्यामुळे कोल्हापूर-नागपूर जाताना पाठीवर वारा आणि येताना तोंडावर. समजा ताशी ६० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला तर वेग ८६० होतो, तोंडावर आला तर ७४०, आणि ७०० किलोमीटरवर फरक पडतो ८ मिनिटांचा. पावसाळ्यात मजा उलटी होते, खाली जमिनीजवळ वारा पश्चिमेचा पण खूप वर तो पूर्वेकडून वाहतो, तेव्हा नागपूरहून येणारं जेट जरा लवकर येतं. एटीआर मधल्या उंचीवर असतं, त्याला दोन्हीकडचं बळ कमीच मिळतं. पृथ्वी फिरते म्हणून एका दिशेला कमी वेळ लागतो असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते, फरक पडतो तो वाऱ्याने.

कागदावरचा हिशोब झाला की प्रत्यक्ष काय घडतंय ते बघा, हे माझ्या मते सगळ्यात कामाचं. फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या आठवड्यातली सगळी उड्डाणं फुकट दिसतात, किती वाजता खरं उडालं, किती वाजता टेकलं, हवेत किती मिनिटं होतं. वेळापत्रकातली वेळ आणि खरी वेळ यात १०-१५ मिनिटांचा फरक हमखास सापडेल, बहुतेक वेळा विमान वेळेआधी टेकलेलं असतं, कारण कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी उशी ठेवतात, म्हणजे १० मिनिटं उशिरा निघालं तरी वेळेत पोचलं म्हणता येतं. आठवडाभराचे आकडे एका ओळीत लिहा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी हा तुमचा खरा आकडा. एखाद्या दिवशी रद्द दिसतंय का, नेहमी त्याच वारी दिसतंय का, हे पण तिथंच कळतं, आणि वार कुठले ते कळणं फार गरजेचं, आमच्या ताईचं सगळं तिथंच चुकलं.

छोट्या शहरांच्या विमानसेवेचं तसंच असतं. आठवड्यातून ३-४ दिवस विमान, बाकीचे दिवस ते विमान दुसऱ्या मार्गावर. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्या सुमाराचं तिकीट काढत असाल तर मागच्या महिन्यात होतं म्हणून आताही असेल असं धरू नका. उडानमधल्या मार्गांना सरकारचा आधार ३ वर्षांसाठी असतो, तो संपला की काही मार्ग बंदही पडतात. २७ एप्रिल २०१७ ला उडानची पहिली विमानं उडाली त्यात आपलं नांदेड-हैदराबाद होतं, तेव्हा किती कौतुक झालेलं. म्हणून तारीख पक्की करायच्या आधी कंपनीच्याच साइटवर त्या तारखेचं थेट तिकीट दिसतंय का हे आधी बघा, अंतर आणि वेळ नंतर.

आता घरापासून घरापर्यंत, कारण ताईला विचारायचं होतं ते हेच. समजा राजारामपुरीतून निघालात. उजळाईवाडी हायवेला लागूनच, गोकुळ शिरगावच्या अलीकडे, २५ मिनिटं धरा. विमानतळावर दीड तास आधी पोचा, छोटा आहे म्हणून उशिरा जायची सवय लावू नका, देशातल्या विमानांचा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो आणि गेट २०-२५ मिनिटं आधी. विमान ८२ मिनिटं. नागपूरला बॅग यायला २० मिनिटं. बाहेर आलात की थोड्या अंतरावर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, ऑरेंज लाइन, सीताबर्डीपर्यंत चालणं धरून २५ मिनिटं. बेरीज २४२ मिनिटं, ४ तास. त्यातला हवेतला वेळ जेमतेम तास-सव्वातास.

मुंबईवरून गेलात तर हवाई अंतरच ३०९ अधिक ६८३ म्हणजे ९९२ किलोमीटर होतं, २९० किलोमीटर जास्त. पण खरा वेळ अंतरात जात नाही, मधल्या बसण्यात जातो. ३ तासांचं कनेक्शन मिळालं तरी घर ते घर सव्वाआठ तास, आणि दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग घेऊन बाहेर या, परत चेक-इन करा, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. शक्यतो एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे घ्या. आता नवी मुंबईचा विमानतळही आहे, तेव्हा उतरायचंय कुठल्या विमानतळावर आणि पुढचं विमान कुठून आहे हे दोनदा वाचा. मुंबईतल्या जुन्या विमानतळाची दोन टर्मिनल पण एकमेकांपासून लांब आहेत, बाहेरून जावं लागतं.

पुण्याला बसने जाऊन तिथून उडायचं हा तिसरा मार्ग, पुणे-नागपूर हवाई अंतर ६०५ किलोमीटर. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटर रस्ता, ५ तास धरा, पुढं लोहगाव गाठायला पाऊण तास, दीड तास आधी पोचायचं, मग विमान, मग नागपूर, ९ तासांच्या वरच जातं. फायदा एकच, पुण्याहून रोजची विमानं जास्त आहेत, एक चुकलं तर दुसरं मिळतं. दवाखाना, परीक्षा, लग्न असलं वेळेचं काम असेल आणि थेट विमानाचा वार जुळत नसेल तर मी पुण्याचाच सल्ला देतो, आणि जमलं तर आदल्या दिवशीच जा म्हणतो.

हंगामाचं ध्यानात ठेवा. जुलै-ऑगस्टला कोल्हापुरात ढग इतके खाली येतात की समोरचा डोंगर दिसत नाही, विमान वर घिरट्या घालतं. एक घिरटी साधारण ४ मिनिटांची, चार-पाच घातल्या की २० मिनिटं गेली, आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या विमानतळावर नेतात, मग पुढचं रस्त्याने. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सकाळचं धुकं असतं. त्यामुळे पावसाळ्यात मी कोल्हापूरसाठी हिशोबाच्या वर २ तास मोकळे ठेवायला सांगतो आणि त्याच दिवशी पुढं काही ठरवू नका म्हणतो.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एवढंच, तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. शारजाहून नागपूरला येताना दोन वेळांची वजाबाकी केलीत तर दीड तास जास्तीचा दिसतो, कारण आपलं घड्याळ त्यांच्या दीड तास पुढं. तो वजा करा मग खरा प्रवास कळतो. आपल्या देशात ही भानगड नाही.

ताई पुढच्या वेळी आली ती दिवाळीला. मी आधी वार बघितला, मग आठवडाभराचे खरे आकडे काढले, मग तिला सांगितलं सीताबर्डीवरून किती वाजता मेट्रो धरायची ते. दुपारचं जेवण आईबरोबर झालं तिचं. जाताना सकाळचं विमान होतं, मी तिला डावीकडची खिडकी घ्यायला लावली. एक तर सकाळचं ऊन उजवीकडून येतं, आणि ती सरळ रेघ आठवा, पंढरपूर, परळी, यवतमाळ, वर्धा सगळं डावीकडेच येतं. विमान सुटल्यावर २० मिनिटांच्या आत काचेला नाक लावून खाली बघायचं, भीमेचं ते चंद्रकोरीसारखं वळण दिसतं का ते. नागपूरला उतरल्या उतरल्या तिचा फोन आला, दिसलं रे म्हणाली.